थोरल्याची जागा

टॅरंट घराण्यात धाकट्या मुलाकडून कुणाची काही अपेक्षा नसे, आणि ऑबरी टॅरंटला याहून मोठं सुख ठाऊक नव्हतं.

श्रॉपशरच्या दक्षिणेला, वेल्सच्या डोंगरांकडे पाठ करून सेल्विक कोर्ट उभं होतं. भोवतालची कुरणं, सफरचंदाच्या बागा, होपस्टो गाव आणि आणखी दोन खेडी हे सगळं सेल्विकच्या अर्लचं, म्हणजे त्याच्या वडिलांचं. त्यांच्यामागे ते थोरल्या जाइल्सचं होणार. जमीन, उपाधी, घर, शिकारी कुत्री, सगळं एकाच्याच हाती जायचं. वाटण्या होत गेल्या असत्या तर आपण आज दुसऱ्याच्या बांधावर उभे असतो, असं अर्लसाहेब म्हणत. धाकट्यांनी सैन्यात जावं, पाद्री व्हावं, नाहीतर एखाद्या वसाहतीत जाऊन तापाने मरावं, असा रिवाज होता.

ऑबरीचा डावा पाय जन्मापासून आखूड, त्यामुळे सैन्याचा प्रश्न मिटला. देवाविषयी त्याला फारसं काही बोलायचं नसे, म्हणून पाद्रीपणाही सुटला. राहिला तो होपस्टोच्या चर्चमधला ऑर्गन. शाळकरी वयात एकदा सुट्टीत तो दुरुस्त करायला वूस्टरहून कारागीर आले, तेव्हा ऑबरी आठवडाभर त्या ऑर्गनच्या पोटात शिरून बसला होता. बाहेर आला तो धुळीने माखलेला आणि कायमचा वेडावलेला. विसाव्या वर्षी नाश्त्याच्या टेबलावर त्याने वडिलांना सांगितलं, की ऑर्गन बांधायला शिकायचंय. वडिलांना 'सर' म्हणायची त्या घरात रीत होती.

अर्लसाहेबांनी वर्तमानपत्र खाली केलं. "पोटापाण्यासाठी?"

"नाही सर, आवड म्हणून."

"मग काही हरकत नाही," म्हणून त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा वर केलं.

वूस्टरला एमस ट्रेडगोल्ड नावाच्या म्हाताऱ्याचा कारखाना होता. तिथल्या कामगारांनी पहिले दोन-तीन महिने ऑबरीची यथेच्छ टर उडवली. 'राजेसाहेब, जरा सरकता का, भुसा झाडायचाय,' असं म्हणत आणि झाडू त्याच्याच हातात देत. तो झाडायचा. पुढे तो शिशाच्या नळ्या ओतायला शिकला, लाकडाच्या नळ्या रंधायला शिकला, दुपारी सगळ्यांच्या बरोबर ओट्यावर बसून पाव, चीज आणि कच्चा कांदा खायला शिकला. भात्यांचं कातडं शिवायचं काम म्हाताऱ्याची मुलगी हेस्टर करायची. ऑबरीने शिवलेला पहिला भाता तिने उजेडाकडे धरला आणि म्हणाली, "घराणं मोठं असेल तुझं, टाके मात्र खाटकाचे आहेत." त्या दिवसापासून तो तिच्या शेजारी बसून शिवायला लागला, आणि हळूहळू दोघांचं ठरल्यासारखं झालं. बोलून कुणी दाखवलं नाही. धाकट्या मुलाने कुणाशी लग्न करावं याचा सेल्विकला कुणी फार विचार करणार नव्हतं, एवढंच दोघांना ठाऊक होतं.

महायुद्धाच्या चौथ्या वर्षी वसंतात, लोक शेतं पेरत असताना, इस्टेटीचा कारभारी प्यू कारखान्याच्या दारात येऊन उभा राहिला. प्यू वेल्सकडचा, ठेंगणा, बोलका माणूस. त्या दिवशी मात्र त्याला शब्द सुचेनात. जाइल्स फ्रान्समध्ये बेपत्ता होता. जर्मनांचा मोठा हल्ला झाला, त्या धुक्याच्या सकाळी त्याची अख्खी तुकडी गिळली गेली. कुणी त्याला पडताना पाहिलं नव्हतं, कुणी धरून नेताना पाहिलं नव्हतं.

"बाईसाहेबांनी तुम्हाला बोलावलंय," प्यू म्हणाला. "चार दिवस या. काही कळेपर्यंत."

ऑबरीने एप्रन खिळ्याला अडकवला आणि अर्धवट शिवलेलं कातडं हेस्टरकडे दिलं. तिने विचारलंही नाही, की कधी येशील.

काही कळलंच नाही. शरद ऋतूत सरकारने कळवलं, की जाइल्स टॅरंट मृत समजावा. कागद आला तेव्हा काउंटेसने, म्हणजे ऑबरीच्या आईने, तो वाचला आणि बटलरला सांगितलं, की हे चुकून आलंय. त्यानंतर घरात 'होता' हा शब्द जाइल्ससाठी कुणी वापरला नाही. युद्ध संपलं, कैदी परत यायला लागले. त्या हिवाळ्यात ती रोज दुपारी गाडी जुंपून स्टेशनवर जायची आणि ऑबरीला शेजारी बसवायची. उपासमारीने काळवंडलेले, ओव्हरकोट लोंबणारे पोरगे उतरायचे. ती प्रत्येकाचा चेहरा बघायची. मग कैदी यायचेही थांबले. तिने मनाशी ठरवलं, की तो कुठल्यातरी इस्पितळात आहे आणि त्याला स्वतःचं नाव आठवत नाही.

घरात अशी एक घडी बसली, जिच्यात ऑबरीला पाय पसरायलाही जागा नव्हती. जाइल्सचं काम तर त्याने करायचं, पण जाइल्सच्या जागी बसायचं नाही. कुळांच्या तक्रारी, गळकी छपरं, बैलाला झालेला रोग, पाद्र्याचं रुसणं, हे सगळं त्याच्याकडे. जेवताना मात्र वडिलांच्या उजवीकडची खुर्ची रिकामी. तिच्यापुढे रोज ताट, काटे, ग्लास मांडले जायचे आणि उचलले जायचे. थोरल्या मुलाला व्हायकाउंट म्हणतात. ऑबरीला तसं म्हणायला कुणी धजत नसे, कारण एकदा नव्या मोलकरणीच्या तोंडून तो शब्द गेला आणि त्याच दुपारी तिला गाठोडं बांधावं लागलं. जाइल्सचा तांबडा घोडा फिरवून आणायचं कामही त्याच्याकडे आलं. आखूड पायाने त्याला रिकिबी नीट सापडत नसत. घोडासुद्धा आपल्याला चालवून घेतोय, असं त्याला वाटे.

आणि रोझामंड होती. शेजारच्या परगण्यातल्या लॉर्डची मुलगी, जाइल्सची वाग्दत्त वधू. ती ना विधवा, ना लग्नाची मुलगी. ती दर रविवारी यायची, आईच्या शेजारी बसून चहा प्यायची आणि जाइल्स आल्यावर दिवाणखान्याचे पडदे कसले लावायचे याबद्दल बोलायची. बोलताना तिची नजर खिडकीबाहेर असायची.

वूस्टरला जाणं सुरुवातीला महिन्या-दोन महिन्यांनी जमायचं. मग सणासुदीला. हेस्टर स्टेशनवर यायची, दोघं नदीकाठाने चालायची. प्रत्येक वेळी तो तेच सांगायचा: जाइल्स आला, की दुसऱ्या दिवशी मी इथे. ती मान हलवायची.

एका पावसाळी दुपारी अर्लसाहेबांनी त्याला लांबच्या दालनात बोलावलं. तिथे दोन्ही भिंतींवर टॅरंट पुरुष टांगलेले होते. कुणी लोखंडी चिलखतात, कुणी पांढऱ्या केसांच्या टोपात, सगळे त्याच लांबट नाकाचे. लहानपणी हे चेहरे पाठ करून घेतले जायचे, पण जाइल्सकडून. ऑबरी तेव्हा खिडकीत बसून माश्या मोजायचा. त्याला वाटलं, आता वंशावळीची उजळणी होणार.

म्हातारा काठी टेकत पहिल्या चित्रापाशी गेला. "हा रॉजर. राजाचा घोडा धरून उभा राहिला म्हणून जमीन मिळाली, असं पुस्तकात आहे. खरं म्हणजे घोडा धरला होता त्याच्या भावाने. तो लढाईत मेला, आणि बक्षीस न्यायला हा गेला." पुढच्या चित्राकडे काठी गेली. "हा दुसरा मुलगा. थोरला देवीने गेला. हा तिसरा मुलगा. हा पुतण्या, ऑक्सफर्डला ग्रीक शिकवत होता, रडत आला म्हणतात. हा माझा बाप, दुसरा. त्याचा थोरला भाऊ तळ्यात बुडाला."

शेवटी तो स्वतःच्या चित्रापाशी थांबला. चित्रात तो पस्तिशीचा होता, हातमोजे हातात घेऊन उभा.

"मी माल्टाला होतो," तो म्हणाला. "नौदलात. तुला कुणी सांगितलं नसेल. एकोणीस वर्षांचा. मला जहाजावर झोप यायची, जमिनीवर येत नाही. आजही येत नाही. माझा थोरला भाऊ आर्थर शिकारीत कुंपणावरून पडला आणि मान मोडून गेला. मला परत आणायला आमच्या कारभाऱ्याला पाठवलं होतं. म्हणाला, चार दिवस चला."

ऑबरीने विचारलं, "मग मला जाऊ का देत नाही, सर?"

"आणि इथे कोण?" म्हाताऱ्याने अगदी साध्या सुरात विचारलं. "थोरले मरतात, ऑबरी. आपण उरतो. या भिंतीवर बहुतेक सगळे उरलेलेच आहेत." मग म्हणाला, "तुझ्या आईशी यातलं बोलू नकोस. ती आर्थरसाठी आली होती या घरात."

ऑबरीने आयुष्यात पहिल्यांदाच वडिलांचं दुःख पाहिलं, आणि त्यामुळे त्यांच्यावर रागावण्याची सोयही संपली.

पुढच्या हिवाळ्यात अर्लसाहेब न्यूमोनियाने गेले. कायद्याने त्या क्षणापासून ऑबरी सेल्विकचा अर्ल. लंडनहून वकील आला, तसं म्हणाला. आईने वकिलाला चहा दिला आणि सांगितलं, की ऑबरी फक्त सांभाळतोय. तेव्हा घरात, तबेल्यात, गावात तो पूर्वीसारखाच 'ऑबरीसाहेब' राहिला, आणि लंडनला सरदारांच्या सभागृहातली जागाही त्याने मागितली नाही. वडिलांची खुर्ची रिकामी झाली, तीही जाइल्ससाठी. आता टेबलाशी दोन रिकाम्या खुर्च्या होत्या आणि जेवणारी माणसंही दोनच.

त्या दोन माणसांत मात्र एक विलक्षण जवळीक झाली. दुपारी चहाला ती त्याला विचारायची, आज काय वाटतं? आणि तो सांगायचा, येईल. असं म्हणताना त्याचा आवाज कधी डळमळत नसे. प्यूने केव्हाच आशा सोडली होती, पाद्र्याने सोडली होती, रोझामंडने सोडली होती. "या घरात विश्वास फक्त तुझा आणि माझा," आई म्हणायची आणि त्याच्या हातावर हात ठेवायची. लहानपणी तिने असा हात कधी ठेवला नव्हता. आणि ऑबरीचा खरंच विश्वास होता. फ्रान्समधल्या इस्पितळांच्या बातम्या तो तिच्याआधी वाचून काढायचा. हरवलेला माणूस सापडल्याची बातमी कुठे आली, की त्याला दिवसभर हुशारी वाटायची. का, हे तिने कधी विचारलं नाही.

गावालाही याच काळात एक दगड उभारायचा होता. आसपासच्या खेड्यांत युद्धात गेलेल्यांची स्मारकं उभी राहिली होती. होपस्टोचा दगड चर्चच्या आवारात आणून ठेवलेला होता, पण नावं कोरली जात नव्हती. सगळ्यांत वर घरच्या साहेबांचं नाव यायला हवं, आणि ते कोरायला बाईसाहेबांची परवानगी नव्हती. वरची ओळ कोरी ठेवून खालची नावं घालावीत, असं पाद्र्याने सुचवलं. गवंडी म्हणाला, तसा दगड तोंडात दात नसल्यासारखा दिसेल. बघता बघता दोन वर्षं गेली. ताडपत्रीखाली दगडावर शेवाळ चढायला लागलं.

मग एका सकाळी मिसेस ग्विल्ट सेल्विक कोर्टाच्या पुढच्या दाराने आली. ती गावातली धोबीण. आयुष्यभर मागच्या दाराने आली होती. बटलरने तिला अडवायला हवं होतं, पण तिने तिची काळी रविवारची टोपी घातली होती, म्हणून त्याला सुचलं नाही. काउंटेस आणि ऑबरी नाश्त्याला बसले होते.

"बाईसाहेब, मी जास्त वेळ घेणार नाही," ती उभ्याउभ्याच म्हणाली. "माझे दोघं गेले. टॉमला पुरलाय, कबरीचा फोटो आहे. नेडचं काहीच मिळालं नाही, तुमच्या साहेबांसारखंच. त्याच सकाळी, त्याच तुकडीत. मीही दाराला कडी लावत नव्हते वर्षभर. आता मला त्याचं नाव कुठेतरी हवंय. हात ठेवायला. तुमच्याकडे भिंतीभर चित्रं आहेत. माझ्याकडे त्याचा एक शर्ट आहे, आणि तो मीच सारखा धुवून विरवलाय."

मिसेस ग्विल्टने गुडघे किंचित वाकवून निरोप घेतला आणि पुढच्याच दाराने गेली.

टोस्ट गार झाला. मग आईने ऑबरीकडे पाहिलं. "तू सांग. तू सांगशील तसं करू. येईल ना तो?"

ऑबरीने तोंड उघडलं. 'येईल' हा शब्द जिभेवर तयार होता. त्याच्यामागे वूस्टर होतं, ओट्यावरचा कांदा होता, हेस्टर होती. त्याला ठाऊक होतं, की तो हा शब्द बोलला तर दगड आणखी कित्येक वर्षं ताडपत्रीखाली राहील. नाही म्हणाला, तर त्याला सोडवायला या घरात शेवटपर्यंत दुसरं कुणी येणार नाही.

"नाही, ममा," तो म्हणाला. "तो त्याच सकाळी गेला."

ती त्याच्याकडे बघत राहिली. तिचा चेहरा रागावेल असं त्याला वाटलं होतं, पण तिला काहीतरी वेगळंच उमगत होतं.

"तू त्याच्यासाठी थांबला नव्हतास," ती सावकाश म्हणाली.

"नाही."

"तू सुटायला थांबला होतास."

"हो."

तिने रुमाल घडी करून टेबलावर ठेवला. बटलरला हाक मारून तिने सांगितलं, की उद्यापासून लॉर्डसाहेबांचं ताट टेबलाच्या टोकाला मांडायचं. बटलरला क्षणभर कळलं नाही, कोणते लॉर्डसाहेब. मग त्याने ऑबरीकडे पाहून मान लववली, आणि ऑबरीला वाटलं, आपल्यामागे कुणीतरी हलक्या हाताने दार लावून घेतलं.

दगड उभा राहिला त्या रविवारी सगळा गाव जमला होता. सगळ्यांत वर जाइल्स, मग अक्षरानुक्रमाने बाकीचे. पाद्र्याची प्रार्थना झाल्यावर आई पुढे गेली, तिने हातमोजा काढला आणि नावावर हात ठेवला. मग बाजूला होऊन तिने मिसेस ग्विल्टला जागा करून दिली. त्या दोघी बायका तिथे शेजारी शेजारी रडल्या. परतताना पुरुषांनी टोप्या काढल्या आणि एकेक जण ऑबरीला 'लॉर्डसाहेब' म्हणून गेला. त्या लोकांच्या चेहऱ्यावर सुटल्याची भावना होती.

तो वूस्टरला गेला तेव्हा हेस्टर कारखान्यात नव्हती, घरी होती. तिने त्याला स्वयंपाकघरात बसवलं. तिचं ठरलं होतं, कारखान्यातल्याच एका सूर लावणाऱ्याशी. तिला ते सांगायला जड गेलं नाही, याचंच त्याला जास्त लागलं.

"मी थांबले असते," ती म्हणाली. "तुझ्यासाठी कितीही थांबले असते. पण मी तुझी वाट बघतच नव्हते ऑबरी, मी तुझ्या भावाची बघत होते. ज्याला कधी पाहिलं नाही अशा माणसाची. एक दिवस भाता शिवताना लक्षात आलं, आणि मग ते काही जमेना."

निघताना तिने त्याला शहाजिरं घातलेल्या केकचा तुकडा कागदात बांधून दिला. तो त्याने गाडीत खाल्ला. भूक लागली होती.

रोझामंडशी लग्न करावं हे सगळ्या परगण्याने आधीच ठरवून टाकलं होतं. विचारण्याचं काम तिनेच उरकलं. दोघं कुत्र्यांच्या आवारापाशी उभी होती.

"तुला मी नकोय, ते मला माहितेय," ती म्हणाली. "मलाही तू नको होतास. पण माझं वय आता एकोणतीस आहे, आणि माझी आई मला दर मंगळवारी एका कर्नलशेजारी जेवायला बसवते. तो सूप पिताना आवाज करतो. तू करत नाहीस, हे मी नीट बघितलंय."

ऑबरी हसला. कितीतरी दिवसांनी हसला. "जाइल्सबद्दल बोलायचं असेल तर बोलत जा," तो म्हणाला. "मला चालेल."

"मला त्याचा चेहरा आठवत नाही," रोझामंड म्हणाली, आणि तेवढं एकच वाक्य बोलताना तिचा आवाज फुटला.

संसार वाईट झाला नाही. दोघं एकमेकांशी खरं बोलत, हे पुष्कळ होतं. ऑबरीने छपरं दुरुस्त केली, विहिरी खोदल्या, लंडनला जाऊन सभागृहात मागच्या बाकावर बसून आला. कुळांत त्याचं नाव चांगलं होतं. दालनात त्याचंही चित्र लागलं. आई म्हातारपणी मऊ झाली आणि नातींचे केस विंचरत बसू लागली. नाती, कारण रोझामंडला तीन मुलीच झाल्या. तिसऱ्या वेळी ती मरता मरता वाचली. लुडलोच्या डॉक्टरांनी सांगितलं, आणखी एक बाळंतपण होऊ शकेल, पण धोका आहे. मुलींना उपाधी मिळत नाही, तेव्हा सगळा परगणा श्वास रोखून बसला. रोझामंड स्वतः तयार होती. अंथरुणात पडल्या पडल्या म्हणाली, की एकदा प्रयत्न करू, मुलगा झाला तर तू मोकळा झाल्यासारखा होशील.

"आणि तो?" ऑबरीने विचारलं. "तो कुठे मोकळा होणार? नको. इथेच थांबू."

त्या घरात परत आल्यापासून इतक्या वर्षांत त्याने एकट्याने घेतलेला हा पहिला निर्णय होता, आणि तो बदलायला तो कुणासाठीही तयार झाला नाही. सासऱ्यासाठी नाही, बिशपसाठी नाही, आईच्या डोळ्यांतल्या पाण्यासाठीही नाही.

प्यू आता थकला होता, कारभार सोडायच्या बेतात होता. सफरचंदं उतरवायच्या दिवसांत दोघं बागेत फिरत होते. गड्यांनी शिड्या लावल्या होत्या, सायडरच्या, म्हणजे सफरचंदाच्या दारूच्या, घाण्याकडे टोपल्या चालल्या होत्या. प्यू बराच वेळ खाकरत राहिला आणि मग विचारलं, की लॉर्डसाहेबांच्या मागे हे सगळं जाणार तरी कुणाकडे?

ऑबरीने सांगितलं, पणजोबांच्या धाकट्या भावाचा वंश न्यूझीलंडला आहे. त्यातला एक कुणी मेंढ्या पाळतो. डोंगरात राहतो, तिशीचा असावा, असं वकिलाने शोधून काढलंय.

"मेंढ्या," प्यू म्हणाला. त्याने जरा विचार केला. "त्याला कळवलंय का?"

"नाही."

"कळवायला हवं, साहेब. त्याला तयारी लागेल."

वरच्या फांदीवरून एका गड्याने सांभाळा म्हणून आवाज दिला. दोघं बाजूला झाले आणि सफरचंदं धडाधड गवतावर पडली. ऑबरीने एक उचललं, बाहीला पुसलं.

"असू दे, प्यू," तो म्हणाला. "जेवढे दिवस मिळतील तेवढे मिळू देत त्याला."